कापणी पाल्याची, झळ मुळांना

चारा कापणाऱ्या माणसाची नजर जमिनीच्या वर असते. पाला किती वाढला, कळी धरली का, पेंढी किती भरेल, पुढची कापणी केव्हा मिळेल, हा त्याचा हिशेब असतो. तो रास्तही आहे, कारण दावणीला बांधलेल्या जनावरांना पाला लागतो. पण ते पीक क्लोव्हर, बरसीम किंवा लसूणघास असेल, तर विळा फिरला त्याच दिवशी जमिनीखालीही मोठी घडामोड होते. मुळांवरच्या गाठींमध्ये हवेतला नत्र पकडण्याचे काम अखंड चाललेले असते. ते काही तासांत मंदावते, कधी कधी जवळजवळ थांबते, आणि नवा पाला फुटेपर्यंत पूर्ववत होत नाही. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. या न दिसणाऱ्या घडामोडीवर हे पुस्तक लिहिले आहे.

प्रश्न साधा आहे : पाला कापला की मुळांवरच्या गाठींचे काय होते? उत्तर शोधण्यात मात्र वनस्पतिशास्त्रज्ञांच्या निदान दोन पिढ्या गेल्या, आणि त्या काळात उत्तराचा रोखच बदलला. आधी वाटत होते की पाने गेली, साखर संपली, गाठी उपाशी पडल्या आणि गळाल्या. पुढे कळले की झाड साखर संपण्याची वाट पाहत नाही. ते गाठींचे काम स्वतःहून आवरते घेते, गाठी शक्यतो जिवंत ठेवते आणि पालवी आली की काम पुन्हा हाती घेते. माझे सारे म्हणणे या शोधावर उभे आहे. गाठींना सावरायला किती दिवस लागतात हे एकदा कळले, की दोन कापण्यांतले अंतर आणि कापणीची उंची यांकडे निव्वळ चाऱ्याच्या गणितातून पाहता येत नाही. विळा केव्हा लावायचा हे ठरवताना आपण जमिनीला नत्र किती मिळणार हेही ठरवत असतो.

पुस्तकातला मुख्य दाखला पांढऱ्या क्लोव्हरचा आहे, कारण या प्रश्नावर सर्वांत बारीक काम त्याच्यावर झाले. त्रिफोलियम रेपेन्स हे त्याचे शास्त्रीय नाव. मूळचा तो युरोप आणि भूमध्य समुद्राभोवतालच्या मुलखातला. एका देठावर तीन पर्णिका, बहुधा प्रत्येकीवर फिकट पांढरा पट्टा, आणि वर पांढऱ्या बारीक फुलांचा गोल गेंद. त्याचे खोड जमिनीला धरून सरपटते आणि पेरापेरावर मुळे सोडते. त्यामुळे गाय किंवा मेंढी त्याची पाने व देठ खाते, पण वाढीचे शेंडे जमिनीलगत बहुतांशी सुरक्षित राहतात. युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर तो न्यूझीलंडला पोचला आणि तिथला दुधाचा व लोकरीचा धंदा रायग्रास गवत आणि पांढरा क्लोव्हर या जोडीवर उभा राहिला. गवत भरघोस वाढते, पण त्याला नत्र दुसऱ्याकडून घ्यावा लागतो. क्लोव्हर आपला नत्र हवेतून मिळवतो आणि कालांतराने त्यातला काही गवतालाही पोचतो. चांगल्या कुरणात क्लोव्हरकडून वर्षाला हेक्टरी १०० ते २०० किलो नत्र स्थिर होऊ शकतो. अशा पिकाला सतत कोणाचे तरी तोंड किंवा पाते लागत असते. त्यामुळे पाने गेल्यावर गाठींचे काय होते, हा तिथल्या पशुपालकांच्या खतखर्चाचाच प्रश्न होता.

गाठी माणसाने फार पूर्वी पाहिल्या होत्या. त्यांचे काम मात्र उशिरा कळले. सतराव्या शतकात इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीने शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींची चित्रे काढली, पण त्याने त्यांची गणना पानांवर किडीमुळे येणाऱ्या फुगोट्यांबरोबर केली. पुढची दोनशे वर्षे त्यांना कोणी रोग म्हणत होते, कोणी अन्नाचा साठा. १८८६ मध्ये बर्लिनला भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत हेर्मान हेलरीगेल यांनी हेर्मान विल्फार्थ यांच्यासह केलेले प्रयोग मांडले. निर्जंतुक वाळूत लावलेला ओट नत्राचे खत मिळेल तेवढाच वाढत होता. वाटाणा मात्र शेतातल्या मातीचा अर्क घातला की बिनखताचाही जोमाने वाढायचा, आणि जोमाच्या वाटाण्याच्या मुळांवर गाठी असायच्या. त्यांचा सविस्तर अहवाल १८८८ मध्ये आला. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये मार्टिनस बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. आज त्या गटाला आपण रायझोबियम म्हणतो. ज्याला रोग समजत होते ती नत्राची भट्टी निघाली.

ही गाठ प्रत्येकाने एकदा तरी हातात घेऊन पाहावी, असा माझा आग्रह आहे. झाड उपटू नये. उपटले की गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीच्या ढेकळासह उचलावे, बादलीत भिजत ठेवावे आणि माती आपोआप सुटू द्यावी. क्लोव्हरच्या बारीक मुळांवर मग तांदळाच्या दाण्याहूनही लहान, लांबट गाठी दिसतात. काही एकेकट्या, काही टोकाला फाटे फुटलेल्या. त्यातली एक पांढऱ्या कागदावर ठेवून ब्लेडने लांबीत चिरावी. टोक पांढरे असते. तिथे नव्या पेशी तयार होत असतात, म्हणून ही गाठ टोकाकडून वाढत राहते. मधला भाग गुलाबी ते लालसर दिसतो. मुळाला चिकटलेला बुडखा, गाठ जुनी असेल तर, हिरवट किंवा तपकिरी. या तीन रंगांत गाठीचे वय आणि प्रकृती दोन्ही वाचता येतात. गुलाबी पट्टा जितका मोठा तितके काम जोरात. हिरवट भाग वर सरकत गेला की गाठ म्हातारी होत चालली. चिरलेली गाठ कागदावर दाबली तर गुलाबी डाग उमटतो. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या द्रव्याचा असतो. जपानच्या कुबो यांनी १९३९ मध्ये त्याची ओळख पटवली. लेगहिमोग्लोबिन हे त्याचे आजचे नाव.

वनस्पतीला असले द्रव्य कशासाठी लागावे? गाठीची खरी अडचण इथे समजते. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट बांधलेले असतात. तो बंध तोडून अमोनिया करायला कारखान्यात ४०० अंश सेल्सियसच्या वर तापमान आणि वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. गाठीतला जिवाणू हे काम नायट्रोजनेझ नावाच्या विकराच्या बळावर मातीच्या साध्या तापमानात करतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. नायट्रोजनच्या एका रेणूमागे, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे किमान १६ रेणू खर्च होतात. एटीपी भरपूर हवे तर श्वसन जोरात हवे आणि त्यासाठी ऑक्सिजन हवा. इकडे नायट्रोजनेझ ऑक्सिजनच्या संपर्काने कायमचे निकामी होते. म्हणजे ज्या खोलीत ऑक्सिजन हवाच, त्याच खोलीत तो असूनही चालत नाही. गाठीने यातून दुहेरी मार्ग काढला आहे. तिच्या सालीच्या आतल्या थरात ऑक्सिजनला मोजकीच वाट ठेवलेली असते आणि आत आलेला ऑक्सिजन लेगहिमोग्लोबिन धरून थेट जिवाणूंपर्यंत पोचवते. त्यामुळे मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नसतो, पण पुरवठा चालू राहतो. ती वाट कमी-अधिक करता येते, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढच्या साऱ्या कथेची किल्ली तीच आहे.

श्वसनाला लागणारी साखर पानांतून येते. ब्रिटनमध्ये रायल, पॉवेल आणि गॉर्डन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, नत्रासाठी फक्त गाठींवर अवलंबून असलेल्या पांढऱ्या क्लोव्हरची पै न् पै मोजली. पानांनी प्रकाशसंश्लेषणात जेवढा कार्बन मिळवला, त्यातला सुमारे २३ टक्के एकट्या गाठींच्या श्वसनात जात होता. वजनाने नगण्य दिसणारा हा भाग झाडाच्या मिळकतीचा जवळजवळ चौथा हिस्सा खातो. पाला कापला की मिळकत बंद होते. एवढा मोठा खर्च त्या दिवशी झाड कसे निभावणार, हाच विषयाचा गाभा.

जुन्या अभ्यासकांनी उत्तर मुळे खणून शोधले. न्यूझीलंडमध्ये बटलर, ग्रीनवुड आणि सोपर यांनी १९५९ मध्ये पांढरा क्लोव्हर, तांबडा क्लोव्हर आणि लोटस या चारापिकांवर सावलीचा व पाने काढण्याचा परिणाम तपासला. मुळे आणि गाठी झडतात, नव्या येतात, असा फेरा त्यांना दिसला. त्यावरून चित्र असे तयार झाले की कापणीनंतर गाठी गळतात, मातीत कुजतात आणि त्यांतला नत्र शेजारच्या गवताला मिळतो. हे चित्र खोटे नव्हते, अपुरे होते. मुळे खणून गाठी मोजता येतात. शिल्लक राहिलेली गाठ काम करते आहे की नुसती बसून आहे, हे मोजणीतून कळत नाही.

ती सोय १९६० च्या दशकात झाली. नायट्रोजनेझला नायट्रोजनऐवजी ॲसिटिलीन वायू दिला तर ते त्याचे इथिलीन करते, आणि इथिलीन उपकरणावर सहज मोजता येते. गाठी काम करताहेत का, हे आता तासाभरात कळू लागले. १९६९ मध्ये मुस्तफा, बॉल आणि फील्ड यांनी हीच पद्धत न्यूझीलंडच्या शेतातल्या क्लोव्हरवर वापरून नत्रखत आणि पाने काढणे या दोन्हींचा परिणाम तपासला. १९७४ मध्ये चू आणि रॉबर्टसन यांनी सावली आणि कापणी यांची तुलना केली. गाठी दिसायला जागच्या जागी असतात, पण काम घटलेले असते, हे अशा अभ्यासांतून हळूहळू ठसत गेले.

लसूणघासावरचा एक अभ्यास इथे सांगायलाच हवा, कारण ते पीक आपल्या ओळखीचे आहे. अमेरिकेत मिनेसोटा इथे व्हॅन्स, हायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये कापलेल्या लसूणघासाच्या गाठी तपासल्या, त्यांचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कापणीनंतर २४ तासांत नत्र स्थिर करण्याची क्षमता ८८ टक्क्यांनी घसरली. गाठी बुडख्याकडून झिजू लागल्या, त्यांच्या सालीतला स्टार्चचा साठा काही दिवसांत संपला. पण गाठी सरसकट मेल्या नाहीत. टोकाची वाढणारी पेशीमालिका आणि अन्नपाणी वाहणाऱ्या नलिका शाबूत राहिल्या, आणि वर नवा पाला वाढू लागल्यावर त्याच गाठींनी पुन्हा काम धरले. क्लोव्हरच्या गाठीची घडणही अशीच, टोकाकडून वाढणारी आहे. अशा गाठीत झिजलेला भाग मागे टाकून पुढे नवा गुलाबी पट्टा तयार करण्याची सोय असते.

मघाशी सांगितलेल्या १९८५ च्या प्रयोगात क्लोव्हरचे हेच वळण आकड्यांत आले. झाडाचा साधारण निम्मा वरचा भाग काढल्यावर प्रकाशसंश्लेषण ८३ ते ९६ टक्क्यांनी आणि नत्र स्थिरीकरण ७० टक्क्यांहून अधिक घटले. गाठी लगेच गळल्या नाहीत; त्यांचे वजन थोडे उतरले आणि सर्वांत जास्त कापलेल्या झाडांवर त्या लवकर म्हाताऱ्या होऊ लागल्या. स्थिरीकरणाचा मूळ वेग परत यायला लहान झाडांना ५-६ दिवस आणि मोठ्या झाडांना ९ दिवस लागले. गाठींचे सावरणे पानांच्या प्रकाशसंश्लेषणाच्या सावरण्याबरोबर चालले होते. नव्या पानाने कमवायला सुरुवात केल्याशिवाय गाठीला गती येत नाही, हा त्यातून निघालेला सरळ धडा.

इथवर सारे उपासमारीच्या जुन्या कल्पनेत बसते. साखर आटली, काम थांबले. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला हार्टविग, बोलर आणि न्योसबर्गर यांनी १९८७ मध्ये जे दाखवले त्याने ही कल्पना हलली. त्यांनी पांढऱ्या क्लोव्हरची सगळी पाने काढली. नायट्रोजनेझची क्रिया दोन-तीन तासांत तळाला गेली. एवढ्या लवकर साखर संपली असेल का? त्यांनी मुळांभोवतीच्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच वाढवले. गाठी खरोखर उपाशी असत्या तर जास्तीच्या ऑक्सिजनने काही फरक पडला नसता. जाळायलाच काही नसते तर हवा असून उपयोग काय? पण ऑक्सिजन वाढताच क्रिया मोठ्या प्रमाणात परत आली. पाने गेल्यावरही गाठीत इंधन होते आणि विकरही धड होते. कमी पडला होता तो ऑक्सिजन, आणि तो कमी पडला कारण गाठीने आपल्या सालीतली वाट अरुंद केली होती.

हे समजून घ्यायला आपल्या घरातली जुनी चूल आठवावी. रात्रीचा स्वयंपाक आटोपला की निखारे विझवत नसत, राखेखाली दाबून ठेवत. राखेमुळे हवा कमी मिळते, निखारा जळून संपत नाही आणि सकाळी राख बाजूला करून फुंकर घातली की जाळ होतो. कापणीनंतरची गाठ हेच करते. हवेची वाट आवळून श्वसन मंद करते, उरलेली साखर पुरवून वापरते, आणि जळण आले की पुन्हा पेटते. मात्र राखेखालचा निखाराही फार काळ टिकत नाही. नवा पाला यायला उशीर झाला, किंवा यायच्या आत पुन्हा विळा लागला, तर गाठ झिजते आणि मग खरोखर गळते. बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलेली गळ आणि झुरिकला दिसलेले आवरते घेणे, यांत म्हणूनच विरोध नाही. आवरते घेणे हा आधीचा टप्पा आहे, गळ हा नंतरचा.

गाठ अशी वाट आवळते हे कळल्यामुळे जुने आकडेही तपासून घ्यावे लागले. १९८३ मध्ये मिन्चिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की बंद भांड्यात ॲसिटिलीन देण्याची सोपी पद्धत स्वतःच गाठीला बिथरवते. ॲसिटिलीन पोचल्यावर कित्येक झाडांच्या गाठी काही मिनिटांत वाट आवळतात आणि मोजमाप कमी येते. न कापलेल्या झाडात ही घसरण जास्त आणि कापलेल्या झाडात कमी असेल, तर दोघांची तुलनाच फसते. म्हणून पुढच्या काळात वाहत्या वायूत मोजमाप, नत्राच्या जड समस्थानिकाचा माग, वाढीचा थेट हिशेब अशा निरनिराळ्या वाटांनी पडताळा घेतला गेला. कापणीनंतर नत्र स्थिरीकरण झपाट्याने घसरते, हा निष्कर्ष त्या पडताळ्यात टिकला. एखाद्या विद्याशाखेने आपलीच मोजपट्टी अशी तपासून घ्यावी, हे मला फार मोलाचे वाटते, आणि म्हणून पुस्तकात पद्धतींना एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

वाट आवळण्याचा हुकूम कोण देतो, यावर मात्र एकमत नाही. एक मत असे की पानांतून उतरणाऱ्या साखरेचा ओघ तुटला हाच निरोप. पण १९९६ मध्ये झुरिकच्याच अभ्यासकांनी गाठीतल्या एकूण साखरेचा आणि इतर कार्बनी द्रव्यांचा ताळा घेतला, तेव्हा त्यांचे चढउतार आणि वाट आवळणे यांचा मेळ बसला नाही. दुसरे मत नत्राच्या मागणीवर बोट ठेवते. पाने गेली म्हणजे नत्राचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. मुळांत नत्रयुक्त द्रव्ये साचू लागतात आणि आता पुरे, हा निरोप गाठीला त्यांच्यामार्फत मिळतो. मातीत नायट्रेट भरपूर असले, दुष्काळ पडला किंवा सावली झाली, तरी गाठी अशाच आवरते घेतात. त्यामुळे या सगळ्यांमागे काही समाईक यंत्रणा असावी, असा विचार बळावला. मी दोन्ही मतांचा पुरावा समोर ठेवला आहे आणि जिथे पुरावा थांबतो तिथे थांबलो आहे.

कापल्यावर नवी पालवी कशाच्या जोरावर येते, हा त्याला जोडून येणारा प्रश्न. पालवीला साखर आणि नत्र दोन्ही हवेत, आणि नेमक्या त्या दिवसांत दोन्हींचा पुरवठा मंदावलेला असतो. अशा वेळी झाड साठ्यावर जगते. पांढऱ्या क्लोव्हरचा साठा सरपटत्या खोडांत आणि मुळांत असतो. त्यात स्टार्च असते आणि नत्र साठवणारी प्रथिनेही असतात. लसूणघासाचा साठा सोटमुळात. पहिल्या काही दिवसांत जुन्या साठ्यातला नत्र वर चढून नवी पाने होतात, ती पाने कमावू लागतात, गाठी सावरतात, आणि मग साठा पुन्हा भरायला लागतो. हा क्रम उलटा होत नाही आणि त्याला घाईही चालत नाही. साठा भरायच्या आत पुन्हा कापले, तर दुसऱ्या वेळी झाड कमी भांडवलावर उभे राहते, तिसऱ्या वेळी त्याहून कमी. सतत जमिनीसरपट कापलेल्या क्लोव्हरची मुळे आखूड होतात, गाठी लहान आणि विरळ राहतात. थोडी पाने शिल्लक ठेवली, तर ती पाने पहिल्या दिवसापासून गाठींना काही ना काही देत राहतात. कापणीची उंची हा म्हणूनच या विषयात इतका महत्त्वाचा मुद्दा आहे.

क्लोव्हरचा हा दाखला महाराष्ट्राच्या वाचकापुढे ठेवण्याचे कारण आपल्या वाफ्यांत आहे. बरसीम हा त्याच त्रिफोलियम प्रजातीतला, इजिप्तमधला क्लोव्हर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो सिंधमध्ये आणला गेला आणि तिथून उत्तर भारतात पसरला. आपल्याकडे थंडीच्या हंगामात पाण्याची सोय असलेले शेतकरी तो घेतात. पेरणीनंतर सुमारे ५० ते ६० दिवसांनी पहिली आणि पुढे २५ ते ३० दिवसांच्या अंतराने बाकीच्या कापण्या, जमिनीपासून ५ ते ७ सेंटिमीटर वरून, अशी सर्वसाधारण शिफारस असते. लसूणघास तर पश्चिम महाराष्ट्रात नुसता ‘घास’ म्हणूनच ओळखला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर. एल. ८८ हा वाण दुभत्या जनावरांच्या गोठ्याभोवती अनेक ठिकाणी दिसतो. शिफारशीतले अंतर आणि उंची वैरणीचे उत्पादन व प्रत पाहून ठरलेली आहे. पण गाठींच्या बाजूने पाहिले तरी ती शहाणपणाची ठरते. २५ दिवसांत पालवी येऊन गाठींना सावरायला आणि काही दिवस पूर्ण वेगाने काम करायला वेळ मिळू शकतो. चाऱ्याची टंचाई झाली म्हणून पंधराव्या दिवशीच विळा लावला, तर गाठी सावरता सावरता पुन्हा बसण्याची भीती असते.

जिवाणूंचा मुद्दा इथेच सांगून टाकतो. बरसीमला लागणारा रायझोबियम आणि लसूणघासाला लागणारा जिवाणू वेगळे आहेत. घासाचा जिवाणू मेथीला चालतो, बरसीमला चालत नाही. ज्या शेतात बरसीम पूर्वी झालेला नाही तिथे बियाण्याला योग्य जिवाणूसंवर्धन चोळावे लागते, किंवा जुन्या बरसीमच्या शेतातली माती आणून मिसळण्याची जुनी रीत पाळावी लागते. गाठीच धरल्या नाहीत तर कापणीचा त्यांच्यावरचा परिणाम पाहण्याचा प्रश्नच येत नाही. आणि प्रत्येक कापणीनंतर सवयीने युरिया टाकणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की मातीतले भरपूर नायट्रेटही गाठींना आवरते घ्यायला लावते. कापणीने बसलेल्या गाठींवर युरियाचा मारा केला, तर त्यांना उठायला कारणच उरत नाही. पीक हिरवे दिसते, पण जे फुकट मिळाले असते ते आपण विकत घेतलेले असते.

शेंगवर्गीय पिकाचा पाला काढणे आपल्याकडे वैरणीपुरते नाही. हरभऱ्याचे कोवळे शेंडे आपण भाजीसाठी खुडतो. तेवढ्या खुडणीने फुटवे वाढतात हा शेतकऱ्यांचा जुना अनुभव आहे. शेंडे खुडणे आणि सगळा पाला कापणे यांत मोठा फरक आहे, कारण खुडलेल्या हरभऱ्यावर कमावती पाने बहुतेक शिल्लक असतात. घासाच्या किंवा हरभऱ्याच्या रानात पुढचे पीक चांगले येते, बेवड चांगला असतो, हेही शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्या बेवडातला मोठा वाटा जमिनीखाली राहिलेल्या मुळांचा आणि गाठींचा असतो. गळलेली गाठ वाया जात नाही, ती मातीत कुजून पुढच्या पिकाला मिळते, हे खरे. पण गाठीने आधी कमावलेले असेल तेवढेच ती मातीला देईल. वारंवार बसवलेल्या गाठींचा बेवडही तेवढाच हलका. शिवाय कापून नेलेल्या चाऱ्याबरोबर नत्र शेताबाहेर जातो. न्यूझीलंडच्या कुरणात जनावर जागेवरच चरते आणि खाल्लेल्या नत्राचा मोठा भाग शेणमुतातून तिथेच परत पडतो. आपल्याकडे चारा गोठ्यात जातो, म्हणून शेणखत त्याच वाफ्यात परत गेले तरच हिशेब पुरा होतो.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. या प्रस्तावनेतले आकडे बहुतांशी कुंड्यांतल्या झाडांचे, नियंत्रित तापमानातले आणि थंड देशांतल्या पिकांचे आहेत. फेब्रुवारी-मार्चच्या आपल्या उन्हात, भारी काळ्या जमिनीत, पाण्याच्या पाळ्यांच्या ओढाताणीत बरसीमच्या गाठी किती दिवसांत सावरतात, हे क्लोव्हरच्या ५ किंवा ९ दिवसांवरून ठरवता येणार नाही. यंत्रणा तीच असली तरी वेळापत्रक जागेगणिक बदलते. ते आपापल्या शेतात पाहण्याची सोपी रीत पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात दिली आहे. कापणीच्या आदल्या दिवशी आणि नंतर काही दिवसांच्या अंतराने चार-दोन झाडे ढेकळासह उचलायची, मुळे धुवायची, गाठी चिरायच्या आणि गुलाबी भाग किती उरला, कधी परत वाढू लागला, याची नोंद ठेवायची. रंगावरून तासातासाचा बदल कळत नाही, पण आठवड्यांचा कल नक्की कळतो. बादली, ब्लेड आणि वही यांपलीकडे काही लागत नाही. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी हे केले तर जीवशास्त्राच्या पुस्तकातले नत्रचक्र त्यांच्या हाताला लागेल.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिले आहे : कृषी आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, चारा पिके घेणारे शेतकरी, आणि आपल्या पायाखाली काय चालले आहे याची उत्सुकता असलेला कोणीही. रसायनशास्त्राचा भाग लागेल तेवढाच ठेवला आहे आणि प्रयोगांची हकीकत मात्र मुद्दाम सविस्तर दिली आहे, कारण उत्तर कळण्याइतकेच ते कसे हाती आले हे कळणे मोलाचे आहे. ज्या शेतकऱ्यांनी उभ्या पिकातली झाडे खणू दिली, गाठी चिरताना शेजारी बसून प्रश्न विचारले, त्यांचे ऋण पानोपानी आहे. त्यांच्या प्रश्नांमुळेच कापणीचे अंतर आणि उंची हे दोन मुद्दे या पुस्तकाच्या मध्यभागी आले.

चारा पिकांच्या चाचण्यांत आपण आजवर हिरव्या वैरणीचे क्विंटल मोजत आलो. त्या आकड्याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा, अशी माझी मनापासून मागणी आहे : अमुक अंतराने आणि अमुक उंचीवरून कापल्यावर त्या पिकाने हवेतून किती नत्र आणला आणि त्यातला किती जमिनीत ठेवला. जो वाण किंवा जी पद्धत वैरण थोडी कमी देते पण जमिनीला जास्त नत्र देते, ती आजच्या तक्त्यात मागे पडते. खताचा भाव धरला तर ती पुढेही येऊ शकेल. हा रकाना भरायला लागणारे ज्ञान आणि साधने दोन्ही आज उपलब्ध आहेत. पुस्तक वाचून एखाद्या संशोधकाने तो रकाना आपल्या चाचणीत घेतला आणि एखाद्या शेतकऱ्याने पुढची कापणी ठरवताना एक झाड खणून त्याच्या गाठी पाहिल्या, तर लिहिण्याचा हेतू साधला असे मी समजेन.